धार चालू आहे

वाऱ्याचे दिवस लागले की लाइट जायची, आणि जायची ती नेमकी धारेच्या वेळेला. सकाळी पाचला, नाहीतर संध्याकाळी पाचला. एखाद्या दिवशी चुकून साडेसातला गेली तर धाकटीला उगीचच बरं वाटायचं, कुणीतरी आपला मान ठेवला असं.

धाकटी म्हणजे या घरची धाकटी सून. लग्न होऊन आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. सासूसासरे गेले, थोरली जाऊ गेली, धाकटीचे केस पांढरे झाले, तिला स्वतःची सून आली, तरी गल्लीत ती धाकटीच राहिली. तिच्या गोठ्यात अकरा गाई होत्या. तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ सड पिळून तिची बोटं वाकडी झाली होती. सकाळी मूठ वळायची नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागायचा. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "धार बंद करा." तिने हाताने पिळणं बंद केलं आणि मशीन आणलं. गाई विका असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते.

मशीन म्हणजे एक मोटर, तिच्यावर हवा खेचणारा पंप, नळ्या, आणि सडांना लावायचे चार कप. कप लावले की टकटक टकटक करत दूध नळीतून कॅनमध्ये उतरायचं. गाई महिन्याभरात रुळल्या, आणि रुळल्या त्या इतक्या की हाताला पान्हा सोडेनात. सून शहरातली; तिने शिकायचं मनावर घेतलं, पण एका गाईला अर्धा तास. नवऱ्याला तर गाई जवळ उभंच करायच्या नाहीत; त्याची पाठ धरलेली आणि हात थंड. तेव्हा लाइट गेली की गोठा बंद. मग भिंतीपलीकडे जावं लागायचं.

भिंतीपलीकडे थोरल्या दिरांची सॉ मिल होती. त्यांच्याकडे ट्रॅक्टरएवढा डिझेल जनरेटर. त्यांनीच एकदा मोठ्या मनाने भिंतीवरून वायर टाकून दिली होती. वायर कायमची होती, त्यातली वीज मात्र मागावी लागायची. करवत आणि धाकटीची मोटर एका वेळी चालायची नाही, म्हणजे करवत थांबवावी लागायची, आणि करवत थांबवायची की नाही हे थोरले ठरवणार.

त्या दिवशीही ती जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पदरावर भुसा पडतोय.

"दादा, धारेची वेळ झाली."

थोरल्यांनी मान वर केली नाही. "ओंडका निम्मा कापलाय. करवत चालू आहे. थांब."

तो ओंडका झाला, मग दुसरा चढला. कामगार तिच्याकडे बघायचे आणि नजर चुकवायचे. गोठ्यातून गाईंचं हंबरणं करवतीच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. दीड तास ती उभी होती. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ती बसली नसती. वीज मिळाली तेव्हा तांबडी गाईची कास दगडासारखी झाली होती आणि कप लावताच तिने लाथ झाडली.

असं त्या पंधरवड्यात चारदा झालं. चौथ्या वेळेनंतर तांबडीच्या एका सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी आलं. गुरांचा डॉक्टर आला, दाबून पाहिलं, सुई दिली. "दगडी झालीय. हा सड गेला. वेळेवर धार निघाली नाही तर बाकीच्यांचीही हीच गत होईल."

तांबडी गोठ्यातली सगळ्यात जास्त दूध देणारी गाय. धाकटी तिच्या पाठीवर वाकडा हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा, त्या भुशात उभं राहण्याचा.

दुसऱ्या दिवशी थोरले गोठ्यात आले. हातात मोजपट्टी आणि लाकडावर खुणा करायची तांबडी पेन्सिल. त्यांनी कुणाला काही न विचारता या खांबापासून त्या खांबापर्यंत पट्टी ओढली आणि खांबांवर रेघा मारल्या.

"काय चाललंय दादा?"

"साग येणार आहे. ठेवायला जागा नाही. छप्पर चांगलं आहे हे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "धाकटे, तुझे हात गेले. आता गाईंचे सड जायला लागले. किती दिवस ओढणार? गाई विकून टाक. गोठा मला दे, भाडं देतो. घरातल्या घरात राहील."

नवरा दाराशी उभा होता. तो पायाच्या अंगठ्याने शेण उकरत राहिला.

"रेघा पुसून जा," धाकटी म्हणाली.

थोरले हसले. "पुसल्या तरी माप माझ्या डोक्यात आहे."

जेवताना धाकटीने ताट पुढे सारलं. "जनरेटर घ्यायचा. आपला."

नवरा म्हणाला, "दादाला वाईट वाटेल."

"मला दीड तास उभं केलं तेव्हा त्यांना काय वाटलं होतं?"

"अगं, पण आपल्याला त्यातलं काय कळतं?"

"मशीनमधलं तरी काय कळत होतं? आणि तुमच्यातलं काय कळत होतं लग्नाच्या वेळी? निभावलंच की."

सून पदराआड हसली. मग उठून टॉर्च घेऊन गोठ्यात गेली आणि मोटरवरची पाटी कागदावर उतरवून आणली. "आई, चालायला लागते तेवढीच वीज धरून चालायचं नाही. मोटर सुरू होताना तिप्पट ओढते. एक क्षणभरच, पण तो क्षण जनरेटरला झेपला पाहिजे. दुकानदार चालायचा आकडा सांगतात आणि गळ्यात मारतात."

"मग आपण आकडा कशाला विचारायचा?" धाकटी म्हणाली. "मोटरच घेऊन जाऊ."

दोन कालवडी विकल्या. सकाळची धार काढून झाल्यावर नवऱ्याने आणि दुधाच्या टेम्पोवाल्याने मिळून पंप, नळ्या, कप यांसकट मोटर खोलून टेम्पोत चढवली. गल्लीतल्या लोकांना वाटलं, धाकटीने मशीन विकायला काढलं. थोरल्यांनाही तसंच वाटलं असावं. ते भिंतीशी येऊन बघून गेले.

दुकानदार नवऱ्याशीच बोलत होता. "हा घ्या मालक, लहानसा, आवाज नाही, घरातले पंखे, टीव्ही, सगळं."

"गाई टीव्ही बघत नाहीत," धाकटी म्हणाली. "मोटर बाहेर टेम्पोत आहे. लावून दाखवा."

दुकानदाराने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दुकानात बरीच माणसं होती, नाही म्हणता येईना. लहान जनरेटर रस्त्यावर आणला, मोटर जोडली, बटण दाबलं. जनरेटर एकदा ओरडला, घुसमटला आणि बंद पडला. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं.

"त्याच्यावरचा बघा," सून म्हणाली.

त्याच्यावरचा दोन इंधनांवर चालणारा होता. पेट्रोलवरही आणि स्वयंपाकाच्या गॅसवरही. बाजूला एक खटका, इकडे केला की पेट्रोल, तिकडे केला की गॅस. दुकानदार नवऱ्याला सांगू लागला, "गॅसचं काय आहे मालक, पेट्रोल डब्यात चार-सहा महिने ठेवलं की खराब होतं, कार्बोरेटरमध्ये चिकटा बसतो. सिलिंडर वर्षभर ठेवा, तसाच राहतो. वादळात पेट्रोल पंप बंद असतात, त्यांनाही लाइट लागते ना. पण खरं सांगतो, गॅसवर ताकद जरा कमी मिळते."

"मग गॅसवर लावून दाखवा," धाकटी म्हणाली. "पेट्रोलवर चालेलच."

सिलिंडर आणला. जनरेटर गुरगुरला, मोटर सुरू होताना आवाज खाली बसला आणि परत वर आला. पंप फिरायला लागला. धाकटीने कप उचलून अंगठा आत घातला. कपाने अंगठा ओढून धरला, वासरू ओढतं तसा.

"चालू कसा करायचा?"

"ही दोरी ओढायची. घरातला पुरुष ओढेल की."

धाकटीने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. दुकानदाराने बोटं पाहिली. मग आतून दुसरा आणला, त्याच ताकदीचा, दोन्ही इंधनांवर चालणारा, पण किल्लीचा. धाकटीने किल्ली तळव्याच्या कडेने ढकलून फिरवली. झाला सुरू. तिने बंद केला, पुन्हा फिरवला. तीनदा.

"हा," ती म्हणाली.

वायरमन लाइन जोडायला आला. नवऱ्याच्या मनात जनरेटर गोठ्यातच ठेवायचा होता, चोरीच्या भीतीने. सून आडवी आली. "त्याच्या धुरातला विषारी वायू कळत नाही, त्याला वास येत नाही, आणि माणूस बसल्या जागी जातो. गाईसुद्धा." शेवटी उकिरड्याच्या पलीकडे चार खांब आणि वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. वायरमनने गोठ्याच्या भिंतीवर जाडसा खटका बसवला. वर केला की रस्त्याची लाइन, खाली केला की जनरेटर. "दोन्ही एकत्र येता कामा नयेत वहिनी. तुमची वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेला माणूस मरेल. आणि या भागात खांबावर मीच चढतो."

संध्याकाळी मुद्दाम लाइन बंद करून धाकटीने किल्ली फिरवली. पंप लागला. तांबडीला कप लावले. तांबडीने कान टवकारले, पाठ आक्रसली, आणि दूध आलंच नाही. भुरीने लाथेने कप उडवला. ठेंगणी दावं तोडायला निघाली. अकरापैकी अकरा गाईंनी पान्हा चोरला. यंत्र ठणठणीत, वीज ठणठणीत आणि कॅन कोरडा.

भिंतीवरून थोरल्यांचं डोकं दिसलं. "गाईंना इंजिन आवडलं नाही वाटतं."

नवरा म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही काहीच म्हणत नव्हता," धाकटी म्हणाली. "कधीच म्हणत नाही."

तिने लाइन चालू करून धार काढली. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला सुचलं ते साधंच होतं. गाईंना मशीनची तरी सवय कशी लागली होती? पेंडीने. दुसऱ्या दिवसापासून धारेच्या वेळी लाइट असो नसो, ती आधी जनरेटर सुरू करायची आणि मगच गव्हाणीत पेंड टाकायची. जनरेटर वाजला की पेंड, बंद झाला की पेंड बंद. पहिले चार दिवस गाई तोंड उचलून बघत राहिल्या. आठव्या दिवशी ठेंगणीने किल्लीच्या आवाजालाच गव्हाणीत तोंड घातलं. बाराव्या दिवशी जनरेटर गुरगुरला आणि कप लावायच्या आधीच तांबडीच्या तीन सडांतून दुधाचे थेंब जमिनीवर टपकायला लागले. धाकटी हसली आणि मग डोळे पुसले. सून म्हणाली, "आई, काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. पान्हवली."

मग वादळ आलं. दुपारी आकाश पिवळं झालं आणि संध्याकाळपर्यंत सॉ मिलचे अर्धे पत्रे शेतात जाऊन पडले. रस्त्यावर झाडं, खांब आडवे, तारा चिखलात. वायरमन सांगून गेला, पाच-सहा दिवस तरी नाव काढू नका.

पाचच्या ठोक्याला धाकटीने भिंतीवरचा खटका खाली केला आणि किल्ली फिरवली. धार झाली. मग मोटर बंद करून तेवढ्याच विजेवर दूध गार करायची टाकी लावली. दोन्ही एकदम लावायचं नाही हे सुनेने खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. डेअरीचा टँकर लांबून वळसा घालून आला. ड्रायव्हरने थर्मामीटर बुडवला. "आज या अख्ख्या रस्त्यावर तुमचंच दूध गार आहे. बाकी सगळीकडे नासलंय."

तिसऱ्या दिवशी पहाटे पेट्रोलचा डबा रिकामा झाला. पेट्रोल पंप बंद. सुनेने सिलिंडर जोडला, खटका गॅसकडे केला. जनरेटर सुरू झाला. आवाज वेगळा होता, जरा पातळ. बारा दिवस गाईंना पेट्रोलचाच आवाज ऐकवला होता. गॅसवर त्यांच्यासमोर एकदाही चालवला नव्हता. दुकानात मोटरची परीक्षा घेतली होती, घरी गाईंची घ्यायची राहून गेली.

तांबडीने मान वळवली. एक कान पुढे, एक मागे. धाकटी तिच्या गळ्याखाली हात घालून म्हणाली, "तोच आहे गं. थंडीने घसा बसलाय त्याचा. खा." पेंड टाकली. तांबडी उभी राहिली, उभी राहिली, आणि शेवटी तोंड खाली घातलं. नळीत पांढरी रेघ धावली.

तिसऱ्या गाईला जनरेटर धापा टाकायला लागला. सून धावत गेली. "आई, सिलिंडरवर बर्फासारखं जमलंय! गार पडला की गॅस उठत नाही."

आग जवळ न्यायची नव्हती एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कास धुवायचं कोमट पाणी बादलीत तयार होतं, रोजच असतं. धाकटीने त्यात कोपर बुडवून पाहिलं. कासेला सोसेल तेवढंच गरम. "टबात घाल आणि सिलिंडर त्यात उभा कर. कासेला चालतं ते त्यालाही चालेल." जनरेटरचा श्वास जागेवर आला. आठवी गाय होईपर्यंत नवऱ्याने न सांगता दोनदा पाणी बदललं.

त्याच संध्याकाळी थोरले आले. या वेळी भिंतीवरून नाही, फाटकातून. त्यांचं डिझेल संपलं होतं. हातात रिकामी बादली होती, ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

"धाकटे, टाकीत पाण्याचा थेंब नाही. बोअरपुरती लाइन दे."

धाकटी भुरीच्या पोटाशी वाकली होती. तिने मान वर केली नाही.

"धार चालू आहे दादा. थांबा."

थोरले थांबले. सुनेने पिंप उपडं करून बसायला दिलं. ते बसले नाहीत. सात गाई राहिल्या होत्या. त्यांच्या चपलांभोवती शेण-पाणी साचत गेलं. मधेच त्यांनी खांबाकडे पाहिलं. तिथे त्यांची तांबडी रेघ होती, अर्धीमुर्धी, कारण तांबडी रोज त्याच खांबाला मान घासायची. धाकटीने घाई केली नाही आणि मुद्दाम उशीरही केला नाही. प्रत्येक गाईला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. दूध गार करायची टाकी लागली, तापमानाचा काटा खाली आला, मगच तिने हात धुतले.

"वायर सरळ पंपाला जोडा. घराच्या लाइनीत घालू नका, खांबावर माणूस चढलाय. पंप चालू असताना दुसरं काही लावायचं नाही. आणि सिलिंडर तुमचा आणा."

थोरल्यांनी बादली खाली ठेवली. नवऱ्याने भिंतीवरची जुनी वायर उचलली. "चल दादा, मी जोडून देतो," तो म्हणाला. मग दोन पावलं गेल्यावर थांबून, कुणाकडेही न बघता म्हणाला, "आणि सागाला दुसरी जागा बघ." धाकटीने एकतीस वर्षांत त्याचं एवढं लांब वाक्य भावासमोर ऐकलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी लाइट आली. गल्लीत पोरंसोरं ओरडली. पलीकडे करवत सुरू झाली. संध्याकाळी धाकटीने खटका वर केला, रस्त्याच्या लाइनीवर पंप लावला, पेंड टाकली, तांबडीला कप लावले.

काही नाही. तांबडी मान वळवून उकिरड्याकडे बघत राहिली. भुरीने पेंडीला तोंड लावलं नाही. ठेंगणी हंबरली. अकरा गाई शेपट्या हलवत उभ्या, आणि नळी कोरडी.

सून म्हणाली, "आई, आता?"

धाकटीला हसू आवरेना. ती उकिरड्याच्या पलीकडे गेली आणि तळव्याच्या कडेने किल्ली ढकलली. जनरेटर गुरगुरला, बिनकामाचा, एकही दिवा न लावता. गोठ्यात गाईंनी गव्हाणीत तोंडं घातली.

भिंतीवरून थोरल्यांचं डोकं वर आलं. कानावर हात होता. "अगं लाइट आली आहे! आता हे कशाला?"

"धार चालू आहे दादा."

"रोज वाजवणार? सकाळ-संध्याकाळ? किती दिवस ऐकायचं आम्ही?"

"गाई आहेत तोवर," धाकटी म्हणाली, आणि दुसऱ्या गाईला कप लावायला आत गेली.